शेवटी बंदराचं नाव

नोकरीत असताना लोक विचारायचे, "तुम्ही नक्की काय काम करता हो?" मी सांगायचे, "शेपटं बघते." विचारणारा एकतर हसायचा नाहीतर विषय बदलायचा. पण मी थट्टा करत नव्हते. रत्नागिरीत मच्छीमारांच्या एका सहकारी संस्थेत मी कॉम्प्युटरसमोर आयुष्य काढलं, आणि त्यातलं ज्याच्यासाठी मला पगार मिळावा असं काम एवढंच होतं. मोबाइलवर आलेल्या ओळीचं शेपूट बघायचं आणि ते ओळखीचं आहे की नाही ते सांगायचं.

संस्थेचं नाव लिहीत नाही. ही सगळी माणसं संध्याकाळी मांडवीला फिरायला येतात, मीही तिथेच राहते, आणि "आमच्याबद्दल काय काय लिवलंस गो?" असा जाब भेळेच्या गाडीसमोर देणं मला या वयात झेपणार नाही. आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. खाली जाळी आणि दोर विकणारं दुकान, वर आम्ही. डिझेलचा कोटा, परवान्यांचं नूतनीकरण, विम्याचे कागद हे रोजचं. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, त्यामुळे ज्याला ज्याला वायर होती ते सगळं माझ्या अंगावर. पंखा बंद पडला तरी हाक मलाच.

अध्यक्ष होते नानाशेठ. स्वतःच्या बोटी असलेला, मनाने भला माणूस. त्यांचा आवाज भर समुद्रात तयार झालेला, त्यामुळे खोलीत तो जरा जास्तच व्हायचा. सरकारी साहेबाचा फोन आला की मात्र तोच आवाज एकदम शाळकरी होऊन जायचा.

आता हे शेपटांचं प्रकरण काय ते सांगते. वादळाचा इशारा आला की बाहेर असलेल्या बोटींनी जवळच्या बंदरात शिरायचं. जवळचं म्हणजे जे जवळ असेल ते. मिरकरवाड्याची बोट जयगडला लागेल, नाटे गावची देवगडला. अशा दिवशी ऑफिसात एकच प्रश्न असतो, कोण कुठे लागलं? पूर्वी याचं उत्तर मिळवायला घरोघरच्या बायका, भाऊ, मेहुणे आम्हाला फोन करायचे, आणि ते फोन करतायत म्हणून ज्याचा फोन यायला हवा त्या तांडेलाला लाइनच मिळायची नाही. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. किनाऱ्याजवळ आलं की मोबाइलला रेंज येते, म्हणून मी सुचवलं की त्याने एका ठरलेल्या नंबरवर मेसेज टाकावा. बोटीचं नाव, आणि शेवटी ज्या बंदरात नांगर टाकला त्याचं नाव. मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. भिंतीवरच्या टीव्हीवर सगळ्या बोटींची नावं, प्रत्येकीपुढे एक लाल ठिपका. मेसेज आला की ठिपका हिरवा.

बंदराचं नाव शेवटी घ्यायचं, ही युक्ती माझी नव्हे. वायरलेसच्या काळापासून तांडेल लोकांची ती रीतच. इकडचं तिकडचं सगळं बोलून घ्यायचं, हवा कशी आहे, मासळी किती मिळाली, अमक्याच्या इंजिनाचा आवाज बरा नाही, आणि सगळ्यात शेवटी बंदर सांगून बंद करायचं. बंदर सांगून बंद केलं म्हणजे नांगर पडला. मधे कितीदाही बंदराचं नाव आलं तरी ती नुसती गप्पागोष्ट.

हे मला ठाऊक असून सुरुवातीला मी प्रोग्रॅमला सांगितलं होतं, ओळीत कुठेही बंदराचं नाव दिसलं की हिरवा कर. पहिल्याच इशाऱ्याला एकाने लिहिलं, "जयगड सोडलं, पूर्णगडला जातंय." प्रोग्रॅमने त्याला जयगडला सुखरूप पोचवून टाकलं. दुसऱ्याने लिहिलं, "नाटेकर बोलतोय, मासळी बक्कळ हाय." तो अजून बंदराबाहेर, आणि आमच्या टीव्हीवर नाट्याला. म्हणून मग ठरवलं, फक्त शेवट बघायचा. कॉम्प्युटरपुढे बंदरांची एक यादी ठेवायची आणि विचारायचं, बाबा रे, ही ओळ या यादीतल्या कुठल्याही एका नावाने संपते का? कुठलंही एक जुळलं तरी हो. एकही नाही जुळलं तर नाही. प्रोग्रॅमचं सगळं शहाणपण ते एवढंच.

ऐकायला सोपं वाटतं. पण यादी बंदरांवर थांबत नाही. अर्धे तांडेल मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिणारे. जयगड लिहायच्या किती तऱ्हा असू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. आलेली प्रत्येक तऱ्हा मी यादीत घालत गेले. नानाशेठ मागे उभे राहून बघायचे आणि वैतागायचे.

"अगो, येवढं कशाला टायपत बसल्येस? जयगड, पूर्णगड, देवगड, आंबोळगड. सगळ्यांच्या शेवटी गडच हाय ना? नुसतं 'गड' ठेव की!"

खरं सांगते, त्या क्षणी मला नानाशेठ फार हुशार वाटले. मी नुसतं 'गड' ठेवलं. पुढच्या इशाऱ्याला भाट्याच्या एका तांडेलाने मेसेज टाकला, "वहाळाच्या तोंडाशी हाय, बोटीखाली दगड." ठिपका हिरवा! नानाशेठनी टाळी वाजवली. मी मेसेज वाचला आणि खुर्चीतून उठलेच. दगड हा शब्दही 'गड'नेच संपतो, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. नशिबाने ओहोटी होती. बोट दगडावर टेकलेली आणि माणसं गुडघाभर पाण्यातून चालत घरी गेलेली. तांडेल दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला तेव्हा नानाशेठ आतल्या खोलीत फार कामात होते. त्यानंतर यादीत बंदरांची नावं पुरी आली, आणि नावाच्या आधी मोकळी जागा हवी अशी अटही आली.

आणि मग शिष्टाचार. आमच्या लोकांना कामाचं बोलून गप्प बसणं जमतच नाही. बंदराच्या नावापुढे कुणी नमस्कार घालणार, कुणी जय गणेश, कुणी खुदा हाफिज, कुणी जोडलेले हात, तेही एक जोडी नव्हे, ओळीने. प्रोग्रॅम शेवट बघतो, तर शेवटी हात. ठिपका लालच. म्हणून मला दुसरी यादी करावी लागली, कापायच्या शेपटांची. आधी ही शेपटं छाटायची, मग उरलेल्या ओळीचा शेवट बघायचा. गणपतीपुळ्याला पर्यटकांना बोटीतून फिरवणारा एक जण आमचा सभासद होता. त्याच्या मुलाने फोनमध्ये अशी काही सोय करून ठेवलेली की बापाच्या प्रत्येक मेसेजखाली जाहिरात आपोआप लागायची. बाहेर वारा पिसाटलेला, आणि याचा मेसेज, "जयगड. सहकुटुंब समुद्रसफरीसाठी अवश्य या." तेही शेपूट यादीत घातलं.

यात एक नियम मात्र मी कधी मोडला नाही. अनोळखी शेपूट दिसलं तर ठिपका लाल राहील, आणि तो मेसेज मी स्वतः वाचीन. ठिपका हाताने हिरवा करायची सोय प्रोग्रॅममध्ये होती, पण तिला मी हात लावत नसे. तांडेलाला पुन्हा फोन करायचा, नीट मेसेज मागवायचा. या हट्टापायी मी किती शिव्या खाल्ल्या ते विचारू नका. संशयी बाई, असं माझं नाव पडलं होतं. मला ते आवडायचं.

ज्यांच्यामुळे कापायची यादी सारखी वाढायची ते म्हणजे नाट्याचे हसनचाचा. त्यांची बोट बिस्मिल्ला. चाचा दर मेसेजला नवं शेपूट जोडायचे. कधी "पाऊस काय म्हणतोय तुमच्याकडं", कधी "आंबे पोचले ना". एक यादीत घातलं की पुढच्या वेळी दुसरं. फोन करून सांगितलं, "चाचा, बंदराच्या नावापुढे काही लिहू नका हो." तर म्हणाले, "असं कसं गो ताय? माणसाला मेसेज टाकायचा आन् खबर नाय इचारायची?" मी म्हटलं, "माणसाला नाही चाचा, कॉम्प्युटरला." चाचा म्हणाले, "वाचत्येस तूच ना?"

त्यांचा जोडीदार रमाकांत तांडेल, बोट दत्तप्रसाद. दोघं एका आळीत वाढलेले. नाट्याच्या बोटी जोडीने बाहेर जातात आणि जोडीनेच आत येतात. पुढे कोण, मागे कोण यावरून हे दोघे धक्क्यावर तास तास भांडायचे, पण एक आत आणि एक बाहेर असं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

तो दिवस दिवाळीच्या आधीचा. सकाळी इशारा आला. मी डबा कपाटावर ठेवला आणि जी खुर्चीत बसले ती बसलेच. दुपारपर्यंत टीव्ही हिरवा होत गेला. मिरकरवाडा, जयगड, देवगड, पूर्णगड. बाहेर माडांच्या झावळ्या एका बाजूला कललेल्या, खालच्या दुकानाचं शटर खडखडतंय. तेवढ्यात सुलभा जिना चढून आली. रमाकांत तांडेलाची बायको. मुलीला कॉलेजच्या होस्टेलवर सोडायला रत्नागिरीला आलेली, परतीच्या एसटीला वेळ होता. हातात भाजीची पिशवी. तिने टीव्हीकडे बघितलं आणि बाकावर बसली. तोवर फक्त दोन ठिपके लाल उरले होते. बिस्मिल्ला आणि दत्तप्रसाद.

मत्स्यखात्याच्या साहेबांचा फोन आला. "आमची गस्ती बोट पूर्णगडच्या बाहेर आहे. हवा बिघडतेय. तुमच्या सगळ्या लागल्या असतील तर तिला परत बोलावतो."

नानाशेठनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. आणि नेमका तेव्हाच मेसेज आला. मी मोठ्याने वाचला.

"बिस्मिल्ला. नाटे समोर दिसतंय. दत्तप्रसाद संगती हाय."

"आले!" नानाशेठ म्हणाले. "कर दोन्ही हिरवे."

"शेवटी नाटे नाही, नाना."

"अगो, नाटे लिवलंन हाय! दत्तप्रसाद पण लिवलंन हाय! आणखी काय तुला शाई लावून सही हवी?"

सुलभा उठून माझ्या खुर्चीशी आली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात गार होता. "कर गो हिरवा," ती म्हणाली. "माझ्या जिवाला बरं वाटंल."

मी चाचांना फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. माझा हात माउसवर होता. हिरवा केला असता तर सुलभा घरी जायला मोकळी, नानाशेठ चहाला मोकळे आणि गस्ती बोट परत. सगळ्यांना तेच हवं होतं, मलासुद्धा. पण चाचांना मी ओळखत होते. नाटे समोर दिसत असताना हा माणूस मेसेज टाकायला थांबत नाही. सरळ आत येतो, नांगर टाकतो, आणि मग माझी खबर विचारतो. आणि या मेसेजमध्ये माझी खबर नव्हती.

"नाना," मी म्हटलं, "समोर दिसतंय म्हणजे ते बाहेर आहेत. काहीतरी अडलंय. साहेबांना सांगा, आमच्या दोन लाल आहेत. नाट्याच्या खाडीच्या तोंडाशी."

नानाशेठनी फोनवरचा हात काढला. मग त्यांनी त्या शाळकरी आवाजात ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून साहेब करवादले ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. खात्री आहे का, उगाच बोट फिरवायला लावताय, वगैरे. नानाशेठ "होय साहेब, होय साहेब" करत राहिले आणि फोन ठेवल्यावर म्हणाले, "काय नसलं ना, तर साहेबांसमोर माझं नाक कापलंस असं समज."

नानाशेठचं बोलणं मला लागलं नाही. सुलभाचं लागलं. ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या त्या शेपटापायी माझ्या नवऱ्याला तू बाहेर ठेवलंस."

मला रडू आलं. ते मी गिळलं, कारण टीव्हीवरून डोळे हलवायचे नव्हते. आपण चुकत असावं असं मी आयुष्यात तेवढ्या मनापासून कधी इच्छिलं नाही. चहा आला, कुणी घेतला नाही. सुलभाची एसटी सुटून गेली, तिने घड्याळाकडे बघितलंही नाही. पाऊस आडवा यायला लागला. एरवी ज्यांचा आवाज आवरत नसे ते नानाशेठ टेबलावरचं पेपरवेट नुसतं फिरवत होते.

दिवेलागणीला मेसेज वाजला. मी हात पुढे करायच्या आत सुलभाने टेबलावरचा मेसेजचा फोन उचलला. तिने एकेक शब्द मोठ्याने वाचला.

"बिस्मिल्ला दत्तप्रसाद दोन्ही नाटे. ताय जेवलीस काय?"

नानाशेठनी टीव्हीकडे मान वळवली. ठिपके लालच. दोन्ही बोटी खाडीत, नांगर पडलेले, माणसं धक्क्यावर, आणि माझा प्रोग्रॅम ढिम्म. 'ताय जेवलीस काय' हे शेपूट त्याच्या ओळखीचं नव्हतं.

"अगो हा तुझा कॉम्प्युटरचा डबा!" नानाशेठ त्यांच्या मूळ आवाजात ओरडले. "आता तरी कर की हिरवा!"

मला हसू फुटलं, सुलभालाही फुटलं, आणि मग दोघींनाही रडू आलं ते आवरेना. मी खुर्चीतून उठले, तिला बसवलं आणि माउस तिच्या हातात दिला. कुठे दाबायचं ते दाखवलं. तिने आधी बिस्मिल्ला हिरवी केली. मग दत्तप्रसाद.

नंतर चाचांचा फोन लागला तेव्हा सगळं कळलं. रमाकांत तांडेलाचं इंजिन खाडीच्या तोंडाशी बंद पडलं होतं, मोबाइल भिजलेला. चाचांनी दोर टाकून त्याची बोट धरून ठेवली होती, पण दोन बोटी ओढत त्या लाटांतून आत शिरणं त्यांच्या इंजिनाच्या ताकदीबाहेरचं होतं. दोर सोडला असता तर ते स्वतः सहज आत आले असते. गस्ती बोट पोचली, तिने मोठा दोर टाकला आणि दोघांना खाडीत घेतलं. साहेबांनी फोन करून नानाशेठचं अभिनंदन केलं. नानाशेठनी ते पूर्ण स्वीकारलं आणि फोन ठेवल्यावर माझ्यापुढे हात जोडले, पुन्हा पुन्हा, मेसेजमधल्यासारखे.

मी चाचांना विचारलं, "तेव्हाच सरळ अडकलोय म्हणून का नाही लिहिलंत?"

"लिवत होतो गो," चाचा म्हणाले. "एका हातात सुकाणू, एका हातात फोन. येवढंच धाडलं आन् रेंज गेली. पन मला ठावं होतं, शेवटी नाटे नाय तर तू काय आम्हाला लागलं म्हणणार नायस."

मी जेवले नव्हते. सुलभाने कपाटावरून डबा काढला. गार भात आणि बांगड्याचं कालवण. ती म्हणाली, "तुला बोलले ते मनावर घेऊ नको." मी म्हटलं, "आधी खा." दोघींनी एकाच डब्यात खाल्लं आणि मग ती माझ्याकडे मांडवीला राहिली.

आता बोटींवर यंत्रं बसलीत. कोण कुठे आहे ते नकाशावर दिसतं, मेसेज कुणी टाकत नाही. चांगलंच आहे. तरी माझा प्रोग्रॅम अडीअडचणीला म्हणून ठेवलाय. निवृत्त होताना मी तो माझ्या जागी आलेल्या मुलीला समजावून दिला. तिने दोन्ही याद्या बारकाईने वाचल्या आणि कापायच्या शेपटांच्या यादीत तळाशी बोट ठेवून विचारलं, "मॅडम, हे 'ताय जेवलीस काय' कधी पुन्हा आलंय का? काढून टाकू?" मी म्हटलं, "राहू दे." वाईट एवढंच वाटतं, की नकाशावरचा ठिपका कुणाला जेवलीस का विचारत नाही.

हसनचाचा आता समुद्रावर जात नाहीत, रमाकांत तांडेलही नाही. दोघं संध्याकाळी धक्क्यावर बसून पुढे कोण, मागे कोण यावर अजून भांडतात, आणि उठताना चाचा मला मेसेज टाकतात. हवेचं सांगतात, मासळीचं सांगतात, सुलभाच्या मुलीला नोकरी लागली ते सांगतात, मी जेवले का ते आता आधीच विचारून घेतात, आणि सगळ्यात शेवटी लिहितात, नाटे. मी चष्मा लावून उत्तर टायपते. जेवले चाचा, आज कोळंबीचं कालवण होतं, गुडघा बरा आहे. आणि ओळ संपवताना लिहिते, मांडवी.